जर्मन सुरांची पेटी

जळगाव,
२९ ऑगस्ट १९५४, पोळ्याचा दुसरा दिवस

पितांबर,

'चिरंजीव' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. चार वर्षांत तू एक ओळ धाडली नाहीस, तेव्हा मानपानावरून तूही रुसू नकोस.

कामाचं तेवढं लिहिते. श्रावण लागला आणि आबांचं डावं अंग गेलं. जीभ जड झाली आहे, पण बोलणं कळतं. कान शाबूत आहेत, गल्लीत कुणी पेटी वाजवली तर कुठला सूर उतरला आहे ते पडल्या पडल्या सांगतात. डावा हात मात्र लाकूड झाला. आबा डावखुरे, म्हणजे कामाचाच हात गेला. ज्या हातानं कानस धरून साऱ्या खानदेशाच्या पेट्या सुरात आणल्या, तो आता मी उचलून उशीवर ठेवते.

आबा पेटी मागतात. आपली, लढाईच्या आधी घेतलेली, जर्मन सुरांची. मी देवळात गेले असताना तू उचलून नेलीस ती. कशाला नेलीस ते विचारत नाही. गल्लीनं तुला पेटीचोर म्हटलं, मी कुणाचं तोंड धरायला गेले नाही. आई गेल्यावर आबांनी त्या पेटीला हात लावला नव्हता, दुसऱ्या कुणाला लावूही दिला नव्हता. मी सासरहून कायमची परत आले तेव्हा ती कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली होती, आणि मी एकदा तरी वाजवून पाहीन म्हणेपर्यंत तू तिच्यासकट नाहीसा झालास.

दुकान मी चालवते. बाईमाणूस पेटी खोलतं म्हणून खिदळणारे आता पेटी मांडीवर घेऊन आपल्या ओट्यावर मुकाट बसतात. परवा पाचोऱ्याचे दोघे एक पेटी दाखवायला आले. विकणारा म्हणे जर्मन आहे, पन्नास वर्षांची आहे. लाकडाला नाक लावलं तर चहाचा वास! चहाच्या पाण्यानं पुसून म्हातारी केलेली. आतले सूर दाखवले त्यांना, म्हटलं, ही पितळेची पट्टी आणि तिच्यावरची ही पातळ जीभ, हाच सूर, वारा लागला की हीच बोलते. पट्टीवर जर्मनीचा शिक्का होता खरा, पण त्यावरून नख फिरवलं तर अडकत होतं. शिक्का काल-परवा मारलेला. मग आबांची जुनी रीत केली, भाता अगदी हलका, फुंकर घातल्यासारखा दिला. खरा जर्मन सूर तेवढ्यावर बोलतो. हा गप्प बसला आणि जोर दिल्यावर एकदम खेकसला. बिचारे दोघे इसार देऊन बसले होते.

यावलच्या भजनी मंडळाची पेटीही दरवर्षीसारखी सुरात लावायला आली होती. केळीवाले कौतिकभाऊ स्वतः घेऊन आले. लढाईच्या दिवसांत आबांच्या शब्दावर घेतलेली ती पेटी काय बोलते रे अजून! कौतिकभाऊ आबांच्या पाया पडले, म्हणाले, तुम्ही पारखून दिली म्हणून आमचं भजन राहिलं. आबा डोळे मिटून पडून राहिले. हल्ली त्यांना कौतुक सोसत नाही.

तर पेटी पाठव. एस.टी.वरचे सुकदेवभाऊ एक दिवसाआड धुळ्याला असतात, त्यांच्याजवळ दे. तू यायची गरज नाही.

अक्का


जळगाव,
१७ सप्टेंबर १९५४

रा. पितांबर जीवराम यांस,

पेटी पोचली. गोधडीत बांधून, वर दोन दोऱ्या आवळून पाठवलीस, किती ती काळजी! सुकदेवभाऊंनी ती ओट्यावर ठेवली आणि तुझा निरोप सांगितला. "पितांबर म्हने, अक्काले सांग, वाजाडजो, पन पेटी उघाडू नको."

हे तू मला सांगतोस? मी पेटी उघडू नये? अरे, ज्याच्या घरात काही दडवलेलं असतं तोच म्हणतो की आत येऊ नका. गोधडी सोडायच्या आधी मी पेचकस शोधला.

आता तूच वाच काय दिसलं ते, तुला ठाऊक असलं तरी. पेचांच्या खाचा खरवडलेल्या होत्या, म्हणजे कुणीतरी आधी उघडली होती. सूर बसवायच्या फळीवर जुन्या सुरांच्या सावल्या होत्या. वर्षानुवर्षं पट्टी बसली की खालचं लाकूड फिकं राहतं, हे आबांनी तुला आणि मला एकाच दिवशी दाखवलं होतं. सावली लांब आणि वर बसवलेला सूर आखूड! शिक्का जर्मनीचा आणि नख अडकतं! सगळे सूर, पितांबर, खर्जापासून वरपर्यंत. तू बापाच्या पेटीचं काळीज काढून विकलंस आणि तिच्यात खोटं भरून पाठवलंस. लढाईपासून जर्मन माल येत नाही, खऱ्या सुरांना लोक काय वाटेल ते देतात, हे मला कळत नाही असं वाटलं का तुला?

आबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. पेटी आली एवढं त्यांना कळलं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "वाजवली का" नाही विचारलं. "उघाडी का?" एवढंच. बघ, त्यांचाही तुझ्यावर किती भरवसा आहे. मी म्हटलं, नाही, भाता फाटला आहे, दुरुस्त करून वाजवते. त्यांनी डोळे मिटले.

मी मात्र तोंड मिटून बसणारी नाही. भाईदास, आपल्या गल्लीच्या भजनी मंडळाचा, पेटी पाहायला आला होता, त्याला मी सगळं उघडून दाखवलं. धुळ्यात त्याचे सोयरे आहेत. तुझ्याकडून पेटी घेणाऱ्याला कळायलाच हवं की ज्यानं बापाला सोडलं नाही तो त्यांना काय सोडणार.

यापुढे मला अक्का म्हणू नकोस.

बेबाबाई


जळगाव,
३० सप्टेंबर १९५४

पितांबर,

लिहिणार नव्हते, पण एक गोष्ट मनातून जात नाही.

काल भाईदास आबांना भेटायला आला. मी चुलीपाशी होते. त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "आबा, आयकं का, पितांबरनी तुमना जर्मन सूर काढी लिधात म्हने. धुळामा बठ्ठासले कळी गयं. लोके पेट्या परत लई जाई ऱ्हायनात."

साऱ्या धुळ्याला कळलं हे ऐकून मला वाटलं आबा ओरडतील, रडतील, तुला शिव्या तरी घालतील. माझ्या हातातली भाकरी करपली इतकी मी कान देऊन होते. आबांनी तोंड भिंतीकडे केलं. भाईदास गेल्यावर मी पाणी घेऊन गेले तर उशी ओली होती.

मी म्हटलं, नका मनाला लावून घेऊ, असला पोरगा आपला नव्हताच समजा. तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच चोरून काही केल्यासारखं वाटलं. तेव्हापासून जेवण नीट नाही.

आणि तू तरी एक ओळ का लिहीत नाहीस? मी तुला चोर म्हटलं. खोटं असेल तर भांडायला ये. लहानपणी गोटीवरून माझे केस ओढायचास, आता तुझी वाचा कुठे गेली? तू गप्प बसतोस म्हणजे खरंच आहे, असं मी समजते.

बेबाबाई


जळगाव,
९ ऑक्टोबर १९५४

पितू,

हे पत्र वाच. आधीची फाडून टाक, जाळ, काहीही कर, पण हे वाच.

दसऱ्याला आबांना त्यांची पेटी ऐकवायची असं मी ठरवलं होतं. खोटी तर खोटी, निदान सुरात तरी असावी, म्हणून एकेक सूर काढून बाहेर अंगणात उजेडात घेऊन बसले. चढवायचा सूर जिभेच्या टोकाशी घासतात, उतरवायचा मुळाशी. प्रत्येकावर आधीच कुणीतरी घासलेलं होतं, आणि फार सुबक घासलेलं. मी मनात म्हटलं, चोर खरा, पण हात आहे पोराला.

मग मला दिसलं. तू उजवा, मीही उजवी. आपण घासतो तेव्हा ओरखडे एका अंगाला कलतात. हे उलटे कलले होते. आणि त्या ओरखड्यांत हिरवट कळंक धरलेला होता, वर्षांचा. जवळ घेऊन, लांब धरून, डोळे पुसून पाहिलं. लहानपणापासून मी जे ओरखडे पाहत आले तेच ते. सावलीच्या कडेला जुनी धूळ घट्ट बसलेली होती, तीही त्या दिवशी मला दिसायला हवी होती. संतापात मी शिक्का पाहिला, सावली पाहिली, आणि ज्यासाठी लोक माझ्याकडे येतात ते पाहिलंच नाही.

तो सूर घेऊन मी आत गेले आणि आबांच्या उजव्या हातात ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला. पाहिलंसुद्धा नाही.

"मनाच हात शे," म्हणाले. त्यांचाच हात.

मग जड जिभेनं, थांबत थांबत सगळं सांगितलं. यावलची पेटी खोटी निघाली होती, पितू. साऱ्या जिल्ह्याला खरं-खोटं सांगणारे आबा त्या एका पेटीला फसले. मंडळानं त्यांच्या शब्दावर घेतली आणि दुसऱ्या वर्षी ती लावायला आली तेव्हा त्यांना कळलं. सांगायची लाज वाटली. म्हणून आपल्या पेटीतले जर्मन सूर काढून त्यांच्या पेटीत घातले, आणि त्यांचे खोटे आपल्या पेटीत. त्यांचं नुकसान होऊ दिलं नाही, पण आपलं नावही जाऊ दिलं नाही. कौतिकभाऊ पाया पडतात तेव्हा डोळे का मिटायचे ते मला आता कळलं. आईच्या दुःखानं पेटीला हात लावत नाहीत असं आपण समजत होतो, आणि तसं समजू दिलं त्यांनी.

तू एकदा ती उघडलीस. म्हणालास, आबा, यावलला जाऊन सांगून टाका, सूर तर तुम्ही दिलेतच, कोण काय म्हणणार आहे? आबांनी तुला घराबाहेर हो म्हटलं. हे सगळं आबाच म्हणाले. मी विचारलं, मग त्यानं पेटी का नेली? तर म्हणाले, "तू उघाडती. तू दखती. म्हनीसन तो लई गया."

माझ्यासाठी! मला बाप खोटा दिसू नये म्हणून तू चोर झालास, आणि मी ते भाईदासच्या हाती दिलं.

मी म्हटलं, मी आत्ता भाईदासला बोलावते. आबांनी उजव्या हातानं माझा पदर धरला. इतका जोर उरला आहे असं वाटलं नव्हतं. म्हणाले, "माले मरी जाऊ दे. मंग सांगजो बठ्ठासले. आते नको."

मी काय करू सांग. त्यांच्या तोंडाकडे पाहून मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि त्याच वेळी मला त्यांचा राग आला, असा राग मला सासरच्या माणसांचाही कधी आला नव्हता. भाईदास खाटेशी बसून तुझं वाटोळं सांगत होता तेव्हा एक शब्द बोलले असते तर झालं असतं. भिंतीकडे तोंड केलं त्यांनी.

मग म्हणाले, वाजव. मी वाजवली. हलक्या भात्यावर ती बोलत नाही, जोर द्यावा लागतो, पण जोर दिला की प्रत्येक सूर जिथल्या तिथे. आबा ऐकत होते. म्हणाले, "खोटा शेतस, पन मी लायेल शेतस." खोटे, पण त्यांनी लावलेले. आणि किंचित हसले. मला हसू आलं नाही.

पितू, थोडे दिवस कळ काढ. मी सगळं सांगणार आहे, नाव घेऊन सांगणार आहे. फक्त हे थोडे दिवस. तुझं धुळ्याचं बस्तान मोडू देऊ नकोस. माझं चुकलं असं लिहून भागत नाही हे मला कळतं, तरी लिहिते. माझं चुकलं.

तुझी अक्का


जळगाव,
७ नोव्हेंबर १९५४

पितू,

माझं दसऱ्यानंतरचं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लाल शाईनं लिहिलं आहे, मालक जागा सोडून गेला. सुकदेवभाऊंना आग्रा रोडवर तुझ्या खोलीशी पाठवलं. शेजारची यशोदाबाई म्हणून आहे, तिनं सांगितलं की दिवाळीच्या आधीच तू हत्यारांची पिशवी घेऊन गेलास. लोकांनी लावायला दिलेल्या पेट्या उचलून नेल्या, नवी कुणी देईना. कुठे गेलास ते तिला माहीत नाही. जाताना तिच्या तुळशीला पाणी घालून गेलास म्हणे.

हे पत्र, आत ते परत आलेलंही घालून, मी सुकदेवभाऊंजवळ देते आहे. ते सगळ्या गाड्यांवरच्यांना सांगून ठेवणार आहेत. कुणाच्या तरी दृष्टीस पडशील.

आबांनी अन्न सोडलं आहे. ते दोन-चार दिवसांचे सोबती. म्हणून आता एक गोष्ट सांगायलाच हवी, ती मी त्या पत्रातसुद्धा चोरून ठेवली होती.

आबांनी पेटी मागितलीच नव्हती. अंग गेलं त्याच दिवशी, शुद्ध आल्यावर म्हणाले, "पितांबरले बलाव." रोज तेच म्हणायचे. पितांबरले बलाव, पितांबरले बलाव. मी तोंड पुसायचं, मी कूस बदलायची, आणि हाक तुझी! मला इतकं लागलं की मी तुला बोलवायचं नाही असं ठरवलं. पेटी मागतात असं मीच लिहिलं. तू यायची गरज नाही, हेही मीच. पेटी आली म्हटल्यावर आबांनी दाराकडे पाहिलं होतं. तुला पाहायला. मला तेव्हाच समजलं होतं.

मी आबांना म्हणते की निरोप गेला आहे, निघाला असेल. तू ये. भांड, मार मला, पण ये.

तुझी अक्का


जळगाव,
५ डिसेंबर १९५४

चि. पितू,

आबा गेले. तू यायचा आहेस म्हणून शेवटपर्यंत दाराकडे मान होती. मान सरळ करायला मला त्रास पडला. आग चुलतभावानं, अभिमननं दिली. जिल्ह्यातून माणसं आली, यावलहून कौतिकभाऊ टाळकऱ्यांना घेऊन आले. जो तो आबांच्या कानाचं आणि पारखीचं बोलत होता, आणि बोलून झाल्यावर तुझं नाव घेऊन थुंकत होता. मी दहाव्याची वाट पाहत होते.

दहाव्याला, पिंडाला कावळा शिवल्यावर माणसं घरी परतली तेव्हा मी पेटी अंगणात आणली आणि सगळ्यांसमोर खोलली. सूर काढून हातात दिले. ओरखडे दाखवले, कळंक दाखवला, यावलची गोष्ट सांगितली, काही मागे ठेवलं नाही. कौतिकभाऊ खाली बसले. म्हणाले, "मन्ही पेटीमा आबाना सूर शेतस?" आणि लहान पोरासारखे रडले. मला वाटलं झालं, तू सुटलास.

मग भाईदास माझ्याजवळ आला. त्याला सगळं पटलं होतं, पितू, म्हणून तर जास्त लागलं. हळूच म्हणाला, "अक्का, झाकी दे ती पेटी. गया माणूस. पोऱ्यानं नाव गयं ते गयं, तो कोठे बी जगी लेई. आबानं ऱ्हाऊ दे." पोराचं नाव गेलं ते गेलं, आबांचं राहू दे, यावर आसपासच्या सगळ्या माना हलल्या. कौतिकभाऊंचीसुद्धा. रडत रडत हलली. जेवणं झाली, पानं उचलली, माणसं गेली. गल्लीत आज तू तोच आहेस जो महिन्यापूर्वी होतास. सगळ्यांना खरं माहीत आहे, आणि सगळे तुलाच चोर म्हणतात.

सुकदेवभाऊ काल आले. साक्रीच्या बाजारात तुझ्यासारखा एक माणूस दिसला असं त्यांना कुणी सांगितलं. बाजारात कुलपं-छत्र्या दुरुस्त करत होता, दाढी वाढलेली होती. पेटीचं काम करतोस का विचारलं तर म्हणाला, मला पेटीतलं काही कळत नाही. तो तूच असशील. मला ते ऐकून जेवढं रडू आलं तेवढं आबा गेले तेव्हाही आलं नाही. हे पत्र त्या माणसाच्या हातात द्यायला सांगितलं आहे. तो तू नसलास तर त्यानं ते परत द्यावं.

दुकान चालू आहे. पेटी घेणारे अजून येतात, पारखून द्या म्हणतात. आपली पेटी मी ओट्यावर ठेवली आहे, वरची फळी आणि पेच काढून. आधी मी त्यांना तिच्यापाशी बसवते. शिक्क्यावर नख फिरवायला लावते, सावली दाखवते, उलटे ओरखडे दाखवते. कुणी विचारतं, हा हात कुणाचा. मी म्हणते, माझ्या बापाचा. आणि पेटी कुणी नेली होती? माझ्या भावानं, आम्हाला झाकायला. काही जण ऐकून घेतात, काही जण उठून जातात. भाईदासनं परवा तिच्यावर फडकं टाकलं, मी ते काढून चुलीत घातलं. धूळ बसते, जिभा गंजू लागल्या आहेत, थोड्या दिवसांनी ती बोलायचीही नाही.

तू उघडू नको म्हणाला होतास. आता तू येऊन झाकेपर्यंत ती उघडीच राहील.

तुझी अक्का